सुभेदार म्हणू नका

लहानपणी एप्रिल म्हणजे आंबे होते. नोकरी लागल्यावर एप्रिल म्हणजे अप्रेझल झालं. ज्यांनी तो सेल्फ अप्रेझलचा फॉर्म एकदा तरी भरलाय, त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको. 'या वर्षातील ठळक कामगिरी' असं लिहिलेल्या चौकटीसमोर आपण तासभर बसतो, स्वतःची स्तुती करताना आधी लाजतो, मग एकदम सुसाट सुटतो आणि शेवटी बॉसच्या केबिनच्या काचेकडे बघत सबमिट दाबतो. बस्स. पुढचं सगळं त्या काचेपलीकडे.

२०२३ च्या फेब्रुवारीत माझ्या बॉसने चहाच्या टपरीवर सांगितलं होतं, "या वेळी सीनिअरसाठी तुझं नाव पाठवतोय." मी तेव्हा लोअर परळच्या एका ऑफिसात बातम्या लिहायचे. (ऑफिसचं नाव सांगत नाही. ओळखणारे ओळखतील.) त्या दिवशी दादरहून घरी येताना लेडीज डब्यात उभं राहूनसुद्धा मला बसल्यासारखं वाटत होतं. आईला फोनवर सांगितलं. ती माझी पहिली घोडचूक. आईने भांडुपच्या मामीला सांगितलं, मामीने तिच्या भिशीला, आणि आठवड्याभरात आमच्या जिन्यातला इस्त्रीवालाही मला "मॅडम, प्रमोशन झालं ना?" विचारू लागला.

एप्रिलचं पत्र आलं. पगार थोडासा वाढला होता, पद तेच. एचआरमधल्या मैत्रिणीला बाजूला घेऊन विचारलं तर ती म्हणाली, "अगं, नाकारलं वगैरे काही नाही. तुझी शिफारसच आली नव्हती."

नाकारलेलं परवडलं असतं. नाव गेलंच नव्हतं, ही गोष्ट मात्र डोक्यात घुसली ती निघेचना. त्या रात्री किचनच्या ओट्यापाशी स्टुलावर बसून मी मेल लिहिला. चार पानी. त्यात मी तीन वर्षांत केलेल्या सगळ्या स्टोऱ्यांची यादी होती, माझ्याऐवजी ज्याला बढती मिळाली त्याच्या चुकांची यादी होती, आणि एक वाक्य असं होतं की ते आज आठवलं तरी मी उशीत तोंड खुपसते. सीसीमध्ये जेवढी नावं सुचली तेवढी घातली. रात्री पावणेदोनला सेंड.

पप्पा तेव्हा नाइट ड्युटीवर होते. सकाळी सातला आले, दारातच बूट काढले आणि रोजच्यासारखे ते पुसायला बसले. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "पाठवलास?"

"हो."

"किती वाजता?"

"पावणेदोन."

ते काही बोलले नाहीत. बुटाचं दुसरं पाऊल हातात घेतलं. मला राग आला. वाटलं, यांना ऑफिस पॉलिटिक्समधलं काय कळणार? आठवड्याभरात मी पेपर टाकले. तेव्हापासून मी फ्रीलान्सर आहे. म्हणजे पेमेंट कधी येईल ते विचारणारे मेल लिहिण्यात माझा अर्धा दिवस जातो. हे मेल मात्र अर्धं पानच असतात.

आता पप्पांबद्दल सांगायला हवं. आम्ही नाहूरला राहतो. सेंट्रल लाइनवाल्यांना माहीत असेल, बाकीच्यांसाठी सांगते, भांडुप आणि मुलुंडच्या मधलं स्टेशन. तेही २००३ साली झालं. त्याआधी इथले लोक भांडुपला नाहीतर मुलुंडला उतरून चालत यायचे. इथे फक्त स्लो लोकल थांबते. फास्ट गाड्या पलीकडच्या ट्रॅकवरून धाडधाड निघून जातात. आजूबाजूला पूर्वी कारखाने होते, आता टॉवर आहेत, आणि प्रत्येक टॉवरच्या गेटवर निळ्या शर्टात, ताठ कण्याने उभा असलेला एक माणूस असतो. त्यातले एक माझे पप्पा. १९८८ ला इन्फन्ट्रीत भरती झाले, सव्वीस वर्षं नोकरी करून २०१४ ला बाहेर पडले, आणि आता इथल्याच एका टॉवरमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर आहेत.

सोसायटीतले सगळे त्यांना 'सुभेदारसाहेब' म्हणतात. प्रेमानेच म्हणतात. मुंबईत हवालदार म्हटलं की लोकांना चौकातला पोलीस आठवतो, त्यामुळे 'आर्मीतला माणूस म्हणजे सुभेदार' असं कुणीतरी परस्पर ठरवून टाकलंय. आणि पप्पा प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, दुरुस्ती करतात. "सुभेदार म्हणू नका. हवालदार." भाजीवाला असो की सोसायटीचा चेअरमन. मला वाटायचं, हा त्यांचा विनय. नाहीतर फौजी खाक्या.

त्यामागे काय आहे ते मला २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये कळलं, तेसुद्धा कामाच्या निमित्ताने. ३ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला होता. महिला अधिकाऱ्यांना कर्नलपदासाठी निवडताना त्यांचे गोपनीय अहवाल ज्या पद्धतीने मोजले गेले ती मनमानी आहे, पुन्हा निवड मंडळ बसवा, असा. एका एडिटरने मला त्यावर सोप्या भाषेत आठशे शब्द मागितले. 'सीआर' म्हणजे काय इथूनच माझी गाडी अडली. म्हटलं, घरात सव्वीस वर्षांचा फौजी आहे, विचारावं.

पप्पांनी लाइट बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मला सगळं काढून दाखवलं. सीआर म्हणजे कॉन्फिडेन्शिअल रिपोर्ट, दरवर्षीचा. ऑफिसरचा रिपोर्ट त्याचा थेट वरिष्ठ लिहितो, मग त्याच्यावरचा बघतो, मग त्याच्याही वरचा. एक ते नऊ असे मार्क. लेफ्टनंट कर्नलपर्यंत ऑफिसर ठरावीक वर्षांनी, परीक्षा वगैरे देऊन पोचतो. पण कर्नल व्हायचं तर निवड मंडळ. तिथे नाव निघालं नाही तर आणखी दोनदा विचार होतो. मिळून तीन संधी. मग संपलं. वर जागाच कमी, त्यामुळे चांगल्या चांगल्यांची नावं गळतात. जवानांचं गणित वेगळं. शिपाई, नाईक, हवालदार, आणि मग नायब सुभेदार. ही शेवटची उडी सगळ्यात मोठी. हवालदाराच्या बाहीवर तीन फिती असतात, नायब सुभेदाराच्या खांद्यावर स्टार येतो. तो जेसीओ होतो, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर. मेस वेगळी, नोकरीची वर्षं जास्त, पेन्शन वेगळी. आणि लोक त्याला 'साहब' म्हणतात. त्या उडीसाठी मागच्या काही वर्षांचे रिपोर्ट बघतात, आणि त्यात बढतीची शिफारस लागते.

"आणि शिफारस नसली तर?"

"तर थांबायचं. वयाची मर्यादा असते, सर्व्हिसची असते. ती ओलांडली की हवालदार म्हणूनच घरी."

मी लिहून घेत होते. नेहमीच्या सवयीने विचारलं, "एखादं उदाहरण सांगा ना."

पप्पा उठले आणि पलंगाखालची काळी ट्रंक ओढली. प्रत्येक फौजीच्या घरी असते ना, पांढऱ्या पेंटने नंबर, रँक, नाव लिहिलेली, तीच. लहानपणापासून बघत आले तरी मी कधी नीट वाचली नव्हती. नावाआधीची रँक तीनदा खोडून पुन्हा रंगवलेली होती. काळ्या रंगाखालची जुनी पांढरी अक्षरं उजेडात अजून दिसत होती. तळातून त्यांनी एक प्लास्टिकची फाइल काढली. आत हिंदीत, सुवाच्य अक्षरात लिहिलेला दोन पानी अर्ज. कार्बन कॉपी. साल २००९.

त्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये त्यांची शिफारस केलेली नव्हती. आधीच्या रिपोर्टांत होती. कंपनीला नवीन साहेब आले होते. रिपोर्टमधला त्यांच्याविरुद्धचा मजकूर त्यांना वाचून दाखवला आणि खाली सही घेतली. वाक्य साधारण असं होतं, की हा हवालदार जवानांशी फार जवळीक करतो आणि शिस्त लावताना कचरतो.

मी तेव्हा सातवीत होते. पप्पा त्या सुट्टीत घरी आले होते ते मला आठवतं. त्यांनी मला सायकल शिकवली, आईबरोबर मुलुंडला जाऊन मिक्सर आणला. घरात कुणाला काहीच जाणवलं नाही. आईला त्यांनी वर्षभराने सांगितलं.

"मग तुम्ही काय केलंत?"

त्यांनी जे केलं ते मी त्यांच्याच क्रमाने सांगते. त्या रात्री काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पीटीला फॉलइन, नेहमीसारखं. तिसऱ्या दिवशी सुभेदारसाहेबांमार्फत कंपनी कमांडरचा इंटरव्ह्यू मागितला. फौजेत इंटरव्ह्यू म्हणजे नोकरीचा नव्हे. आपलं म्हणणं साहेबांसमोर मांडायला रीतसर मागितलेली वेळ. तिथे उभं राहून विचारलं, की जवळीक म्हणजे कुठल्या प्रसंगात, ते सांगा. साहेबांनी दोन प्रसंग सांगितले. पप्पांनी ऐकून घेतले, सॅल्यूट केला, बाहेर आले आणि ते दोन प्रसंग तारखांसकट डायरीत लिहिले. मग अर्ज. आर्मी अ‍ॅक्टमध्ये याची सोय आहे: जवानांसाठी कलम २६, ऑफिसरांसाठी कलम २७. आपल्यावर अन्याय झाला असं वाटलं तर वर दाद मागायचा हक्क. अर्जात त्यांनी एकाही माणसाला शिवी दिली नाही. आधीच्या वर्षांचे शेरे, हे दोन प्रसंग, त्यावरचं आपलं म्हणणं, आणि विनंती. दोन पानं. माझ्या चार पानांच्या बरोबर अर्धी, असा विचार माझ्या मनात आला आणि मी तो गिळला.

उत्तर यायला सात महिने लागले. अर्ज फेटाळला होता.

त्याच सुमारास, २००९ च्या ऑगस्टमध्ये, सशस्त्र दल न्यायाधिकरण सुरू झालं. खास फौजींच्या नोकरीविषयक भांडणांसाठीचं कोर्ट. त्याचा कायदा २००७ चा. आधी आपल्या खात्यातले सगळे मार्ग वापरायचे, आणि शेवटचा नकार आल्यापासून सहा महिन्यांत तिथे जायचं, असा नियम. मुंबईतही त्याचं खंडपीठ झालं. मित्रांनी पप्पांना सांगितलं, जा. ते गेले नाहीत. का, ते मी तीनदा विचारलं. एकदा म्हणाले वकिलाचा खर्च, एकदा म्हणाले तुझी शाळा, आणि तिसऱ्यांदा म्हणाले, "जायला पाहिजे होतं का, हे मला अजून कळत नाही."

पुढच्या वर्षी शिफारस मिळाली. पण तोवर वर्षं भरत आली होती, जागा कमी होत्या, आणि आधीचा तो एक रिपोर्ट फाइलला होताच. ज्या पोराला त्यांनी नकाशा वाचायला शिकवला होता, तो नायब सुभेदार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पांनी त्याला "राम राम, साहब" म्हटलं. "पहिल्यांदा तो लाजला," पप्पा सांगत होते. "मग मीच त्याला म्हटलं, साहब, फौजेत लाजून चालत नाही."

मला हे सहनच होईना. म्हटलं, "तुमची पंधरा वर्षं कधीच झाली होती, पेन्शन बसली होती. निघून का नाही आलात? सरळ तोंडावर फेकायचं."

तेव्हा त्यांनी थोरातसाहेबांचं नाव काढलं.

आमचं मूळ गाव कोल्हापूर जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यात. शेजारच्या वडगावचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीचे हिरो. एस. पी. पी. थोरात. गावाकडे भरतीला निघालेल्या प्रत्येक पोराला त्यांची गोष्ट ऐकावी लागते. मीही लहानपणी ऐकली होती आणि विसरले होते. या वेळी मात्र वाचली. आणि बॉस, काय गोष्ट आहे!

१९०६ चा जन्म, सँडहर्स्टचं शिक्षण. १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशात कांगाव इथे जपान्यांशी तुंबळ लढाई झाली. तिथल्या ब्रिगेडमधल्या तीन बटालियनचे प्रमुख तीन भारतीय होते: थोरात, थिमय्या आणि एल. पी. सेन. तिघांनाही डीएसओ मिळालं. १९५३ साली कोरियात युद्धकैद्यांना सांभाळण्यासाठी भारताने जी फौज पाठवली तिचे प्रमुख थोरात. पुढे १९५७ पासून पूर्व विभागाचे प्रमुख. १९५९ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी एक टिपण वर पाठवलं, की चीनपासून धोका आहे आणि आपल्याकडे तो रोखण्याइतकं सैन्य तिथे नाही. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ते उगाच घबराट पसरवणारं वाटलं. थोरातांनी हट्ट सोडला नाही. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा युद्धसराव घेऊन त्यांनी तोच मुद्दा नकाशावर मांडून दाखवला.

१९६१ मध्ये लष्करप्रमुख थिमय्या निवृत्त होणार होते. आपल्यानंतर थोरातांना प्रमुख करावं अशी शिफारस त्यांनी केली. म्हणजे शिफारस करणारा खुद्द लष्करप्रमुख! तरी ती मानली गेली नाही. नेमणूक झाली पी. एन. थापर यांची. इथे मी जरा थांबले, कारण थापर ज्येष्ठतेत थोरातांच्या पुढे होते, आणि थिमय्या-थोरात कांगावपासूनचे मित्र. एचआरवाली मैत्रीण म्हणाली असती, प्रोसेसप्रमाणे बरोबरच आहे. पण हेही खरं, की मेनन आणि थिमय्यांचं पटत नव्हतं. १९५९ मध्ये थिमय्यांनी राजीनामा दिला होता आणि नेहरूंनी समजूत घातल्यावर मागे घेतला होता. त्या खोलीत कशाला किती वजन मिळालं ते कोण सांगणार? मे १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले.

पुढच्या वर्षी काय झालं ते आपण शाळेत शिकलोय. ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला. नोव्हेंबरमध्ये आधी मेनन गेले, मग थापर गेले. आणि नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतलं. राष्ट्रीय संरक्षण परिषद नेमली गेली तिच्यात ते होते. तुमचा तो १९५९ चा कागद माझ्यापर्यंत का आला नाही, असं नेहरूंनी विचारल्याचं थोरातांनी आपल्या 'फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट' या आत्मचरित्रात सांगितलंय.

मला यातला सूड आवडला. प्रामाणिकपणे सांगते, मी वाचताना मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. बघा, शेवटी त्यांच्याकडेच यावं लागलं! पप्पांना तसं सांगितल्यावर ते माझ्याकडे बघतच राहिले. "अगं, माणसं मेली की तिथं. थोरातसाहेबांना बरं वाटलं असेल का?"

मी गप्प.

"आजोबा मला काय सांगायचे, की साहेबांना हे पद मिळेल की न मिळेल हे माहीत नव्हतं, तेव्हासुद्धा त्यांनी कागद पाठवला आणि सराव घेतला. बढती हवी असणारा माणूस मंत्र्याला नको ते ऐकवतो होय?"

दुसरी बाजूही आहे, आणि तीही मराठीच निघाली. १९८३ मध्ये उपप्रमुख लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा ज्येष्ठ असताना त्यांना डावलून जनरल अरुणकुमार वैद्य लष्करप्रमुख झाले. आपले अलिबागचे वैद्य, दोनदा महावीरचक्र मिळालेले. म्हणजे डावललेला माणूस बघायचा झाला तर ज्याची वर्णी लागली तोही काही ऐरागैरा नव्हता. सिन्हांनी लगेच निवृत्ती मागितली आणि बाहेर पडले. पुढे ते नेपाळमध्ये राजदूत झाले, आसाम आणि जम्मू-काश्मीरचे राज्यपाल झाले. वैद्य निवृत्तीनंतर पुण्यात राहायला आले आणि १० ऑगस्ट १९८६ ला त्यांची हत्या झाली. २०१६ च्या डिसेंबरात असंच घडलं तेव्हा लेफ्टनंट जनरल प्रवीण बक्षी यांनी सिन्हांसारखं केलं नाही. बिपिन रावत त्यांच्यापेक्षा कनिष्ठ, तरी बक्षींनी त्यांच्या हाताखाली पूर्व विभाग सांभाळला आणि जुलै २०१७ ला ठरल्या दिवशी निवृत्त झाले. मी या दोघांपैकी कोण बरोबर हे ठरवायचा बराच प्रयत्न केला. जमलं नाही.

पण मग ज्या निकालाच्या निमित्ताने हे सगळं निघालं, त्याचं काय? तिथे तर त्या बायका गप्प बसल्या नाहीत म्हणूनच काही हललं. फेब्रुवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने महिला अधिकाऱ्यांना कायमस्वरूपी कमिशनचा हक्क दिला, तरी अनेकींना ते नाकारलं गेलं. लेफ्टनंट कर्नल नितीशा आणि इतर जणी पुन्हा कोर्टात गेल्या. २५ मार्च २०२१ ला न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेला निकाल मी पूर्ण वाचला, आठशे शब्दांच्या मानधनात. त्यातला एक मुद्दा माझ्या डोक्यातून जात नाही. या बायकांना पुढे कमिशन मिळणारच नाही हे वरिष्ठांनी गृहीत धरलेलं, त्यामुळे त्यांचे रिपोर्ट वर्षानुवर्षं वरवर भरले गेले. कोण वाचणार आहे, या हिशेबाने. आणि नियम बदलल्यावर तेच रिपोर्ट काढून त्यांना मोजलं. म्हणजे नकार एका दिवशी दिला गेलाच नव्हता. तो दहा वर्षं, दर वर्षी एका ओळीने, कंटाळत लिहिला गेला होता.

हे मी पप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून तो परिच्छेद स्वतः पुन्हा वाचला. इंग्रजी वाचताना ते ओळीखाली बोट धरतात. मग म्हणाले, "या पोरींनी बरोबर केलं. त्यांच्याकडं कागद होता."

"तुमच्याकडेपण होता की."

इथे ते हसले. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते आईलाही माहीत नव्हतं. आईच्या गोष्टीत पप्पा नेहमी निर्दोष आणि तो साहेब व्हिलन. पप्पा म्हणाले, "साहेबांचं अगदीच चूक नव्हतं गं."

दोन प्रसंगांपैकी एक खोटा होता, त्या दिवशी ते कंपनीत नव्हतेच. पण दुसरा खरा. त्यांच्या सेक्शनमधला एक जवान सुट्टीवरून चार दिवस उशिरा आला. घरी बापाचं आजारपण. पप्पांनी ते लगेच वर कळवलं नाही, येईल येईल करत सांभाळून घेतलं. "तेव्हा मला वाटलं, मी पोराला वाचवतोय. पण नायब सुभेदाराच्या हाताखाली अख्खी प्लॅटून असते. तीस-पस्तीस पोरं. एकाला सांभाळलं तर बाकीच्यांना काय सांगणार? साहेबांनी तेच लिहिलं. वाईट शब्दांत लिहिलं, पण तेच."

"मग अर्ज का केलात?"

"खोट्यासाठी. दुसऱ्या प्रसंगाचं मी अर्जात लिहिलंय. वाच."

मी पुन्हा ती कार्बन कॉपी घेतली. दुसऱ्या पानावर, तिसऱ्या परिच्छेदात, स्वच्छ लिहिलं होतं की अमुक तारखेची घटना खरी आहे आणि त्यात माझी चूक आहे. फेटाळला जाणारा अर्ज, आणि त्यात हे.

त्या रात्री मी माझा तो चार पानी मेल उघडला. सेंट आयटेम्समध्ये होता अजून. बॉसने शब्द पाळला नाही, हे खरंच होतं, आणि ते आजही मला खुपतं. पण चार पानांत एकही वाक्य असं नव्हतं की ज्यात माझं काही चुकलं असेल. त्या वर्षी मी दोन डेडलाइन चुकवल्या होत्या. एक कॉपी तपासायला बसलेल्या मुलीवर सगळ्यांसमोर ओरडले होते. हे कुणीतरी कुठेतरी लिहिलं असेल. मी त्यांना विचारलंच नाही. मी इंटरव्ह्यू मागितला नाही, सरळ तोफ डागली.

पप्पांना म्हटलं, "त्या सकाळी तुम्ही काहीच का बोलला नाहीत?"

"पाठवून झालं होतं की. मग बोलून काय?" थोड्या वेळाने म्हणाले, "तू मला आधी विचारलंही नव्हतंस."

या वर्षी प्रजासत्ताक दिनाला सोसायटीने ठरवलं, की झेंडा दरवेळी चेअरमनच का फडकवतो, या वेळी आपल्या सुभेदारसाहेबांना मान देऊ. पप्पा दोन दिवस बूट घासत होते. आईने त्यांचा ब्लेझर ड्रायक्लीनला टाकला. मेडल्सची पट्टी मी स्वतः पुसली. २५ तारखेला रात्री सेक्रेटरींनी नोटिसा लावल्या, छान रंगीत, तिरंग्याची बॉर्डर असलेल्या: 'ध्वजारोहण: सुभेदार (निवृत्त)', आणि पुढे पप्पांचं नाव.

२६ ला पहाटे साडेपाचला पप्पांनी मला उठवलं. "पेन आहे का गं तुझ्याकडं? काळं. जाड."

मार्कर होता. आम्ही दोघं टॉवरवर गेलो. ए विंगच्या लॉबीत त्यांनी 'सुभेदार' या शब्दावर पट्टी धरून एक सरळ रेघ मारली आणि वर, त्याच सुवाच्य अक्षरात, 'हवालदार' लिहिलं. मी मोबाइलचा टॉर्च धरून उभी होते. मग बी विंग. तिथला नवा गार्ड धडपडत उठला आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग, सुभेदारसाहेब." पप्पांनी त्याला नोटीस दाखवली.

सी विंगची नोटीस पहिल्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद. आम्ही जिन्याने गेलो.